मुक्काम आधी, शहरं मग

पुण्याहून दौंडकडे जाताना यवतनंतर खुटबाव येतं आणि खुटबावनंतर केडगाव. केडगावला मुक्ती मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन वर्षांची मनोरमा होती. पती वारलेले, पाठीशी घराणं नाही, आणि प्रवासखर्चाला आधार होता तो ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीचा. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, लेकीला घेऊन त्या लिव्हरपूलहून बोटीने फिलाडेल्फियाला पोचल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदान समारंभाला हजर राहायचं होतं. काही महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत रेल्वेने फिरल्या, सॅन फ्रान्सिस्कोहून जपान, हाँगकाँग करत १८८९ च्या सुरुवातीला मुंबईला परतल्या, आणि त्याच वर्षी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी मराठी वाचकांच्या हाती दिलं.

हा प्रवास आपण समाजसुधारणेच्या इतिहासात वाचतो. पण लहान मूल बरोबर असलेल्या, तुटपुंज्या पैशांत परदेशी निघालेल्या एका मराठी बाईने तो कसा पार पाडला, या अंगानेही तो वाचण्यासारखा आहे. अमेरिकेत उतरल्यावर त्या लगेच गावोगाव हिंडल्या नाहीत. आधी फिलाडेल्फियात ठिय्या दिला, किंडरगार्टनची शिक्षणपद्धती शिकल्या, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ लिहून १८८७ मध्ये छापलं, त्यातून पैसा उभा केला. लांबचे पल्ले त्यानंतरचे. काळही अनुकूल होता. त्यांच्या आगमनाच्या जेमतेम सव्वादोन वर्षं आधी, १८ नोव्हेंबर १८८३ रोजी, अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी गावागावांची वेगवेगळी घड्याळं मोडीत काढून प्रमाणवेळेचे विभाग लागू केले होते. त्यापूर्वीचं वेळापत्रक समजून घेणं हे परक्या माणसाचं कामच नव्हतं.

आधी एका जागी स्थिरावणं आणि मग तिथून फेऱ्या मारणं, हीच या प्रकरणाची दिशा आहे. यवतच्या माणसाला ती नवी नाही. तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून लांबचा टप्पा चालून यवतला काळभैरवनाथाच्या मंदिरात मुक्कामाला येते, गाव पिठलं-भाकरीने वारकऱ्यांचं स्वागत करतं, आणि सकाळी पालखी वरवंडची वाट धरते. वारीच्या आखणीत किती गावं पाहून होतील हा प्रश्नच नसतो. मुक्काम कुठे, दुपारचा विसावा कुठे, आणि सत्तरीची आजी तेवढं चालेल का, हे आधी ठरतं. कुटुंबाच्या पहिल्या परदेशी रेल्वेप्रवासाची आखणी याच क्रमाने करावी. बहुतेक घरांत ती उलट होते. आधी शहरांची यादी होते आणि मग ती यादी दिवसांत कोंबली जाते.

समजा यवतचं पाच माणसांचं घर आहे. आजी, आई-वडील, चौदा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. उसाची शेती, जोडीला गुऱ्हाळ. परीक्षा संपल्यावर मे महिन्यात युरोप पाहायचा आहे, हातात बारा रात्री आहेत. यादीत लंडन, पॅरिस, ॲम्स्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. सात ठिकाणांना बारा रात्री दिल्या, तर एकेका ठिकाणी दोनसुद्धा येत नाहीत. शहर बदलण्याचा दिवस कसा जातो ते बघा. हॉटेलची खोली सकाळी दहा-अकराला सोडायची, नवी खोली दुपारी तीनच्या सुमारास मिळणार. मधली गाडी तीन तासांची असली तरी आवराआवर, स्टेशन गाठणं, उतरल्यावर पत्ता शोधणं यांत दिवस संपतो. सात ठिकाणं म्हणजे असे सहा दिवस गेले. बारा रात्रींतला निम्मा प्रवास सामान हलवण्यात जातो.

यादीतून पहिलं नाव लंडनचं काढावं, आणि कारण अंतराचं नाही. एकाच व्हिसावर अनेक देश फिरू देणाऱ्या शेंगेन व्यवस्थेत ब्रिटन नाही, त्यामुळे लंडन धरलं की पाचही जणांचा दुसरा व्हिसा, दुसरी फी, दुसरी कागदपत्रांची फेरी. ॲम्स्टरडॅम पॅरिसच्या उत्तरेला आहे आणि आपल्याला दक्षिणेकडे जायचं आहे. तेही पुढच्या खेपेला ठेवावं. उरतं ते एका ओळीत बसतं: पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. विमान पॅरिसला उतरायचं, परतीचं रोमहून धरायचं. गेलेल्या वाटेने उलटं यायचं नाही. जाण्याचं एका शहराचं आणि येण्याचं दुसऱ्या शहराचं तिकीट एकत्र काढता येतं आणि ते फार महाग पडतंच असं नाही.

आता बारा रात्री वाटून घेऊ. पॅरिस तीन, ल्युसर्न पाच, रोम चार. मुक्काम तीनच, पण त्यांतून पाहून किती होतं बघा. ल्युसर्नहून झुरिक पाऊण तासाच्या आसपास, बर्न तासाभरावर, आणि ब्रुनिग खिंडीतून जाणाऱ्या डोंगरी गाडीने इंटरलाकेन दोन तासांच्या आत. सकाळी निघून रात्री त्याच अंथरुणावर परत. रोमहून फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास, नेपल्स त्याहूनही जवळ. पॅरिसहून व्हर्साय उपनगरी गाडीच्या अंतरावर. एखाद्या दिवशी आजीचे गुडघे दुखत असतील तर तिने आणि एका मोठ्या माणसाने मागे राहावं, ल्युसर्नला तळ्याकाठी बसावं; बाकीच्यांचा दिवस बुडत नाही. मुक्कामाचा हा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि सात शहरांच्या यादीत तो कधीच मिळत नाही.

स्वित्झर्लंडला सर्वांत जास्त रात्री देण्यामागे आणखी एक कारण आहे. पहिल्यांदाच परदेशी रेल्वेने फिरणाऱ्या कुटुंबाला शिकण्यासाठी याहून चांगला देश नाही. १९८२ पासून तिथलं वेळापत्रक एका ठरावीक तालावर चालतं. मोठ्या जंक्शनवर चारी दिशांच्या गाड्या तास भरण्याच्या थोड्या आधी येतात आणि तास उलटल्यावर थोड्या वेळाने निघतात, म्हणजे एकीतून उतरून दुसरी धरता यावी. एक गाडी चुकली तर मुख्य मार्गांवर पुढची अर्ध्या किंवा एका तासात असतेच. गाडी बदलायला पाच-सहा मिनिटं दिलेली दिसली की आपल्या पोटात गोळा येतो, पण तिथे ते मुद्दाम तसं आखलेलं असतं आणि बहुधा समोरच्याच फलाटावर असतं. जर्मनी किंवा इटलीत मात्र एवढ्यावर विसंबू नये. तिथे गाडी बदलायला किमान अर्धा-पाऊण तास ठेवावा.

तिकिटांबद्दल आपल्या मनात जी घडी बसलेली असते, ती इथे बदलावी लागते. नोव्हेंबर २०२४ पासून आपल्याकडे साठ दिवस आधी आरक्षण उघडतं, आणि आपली सगळी धडपड जागा मिळेल की नाही याची असते. वेटिंग, आरएसी, तत्काळ हे शब्द त्यातूनच आले. फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांत वेटिंग नसतं. तिथे प्रश्न कितीला मिळेल हा आहे. साधारण तीन-चार महिने आधी तिकिटं खुली होतात, सुरुवातीला स्वस्त असतात, आणि गाडी भरत जाईल तशी विमानासारखी चढतात. स्वित्झर्लंडात तिसरीच तऱ्हा. नेहमीच्या गाड्यांना आरक्षण लागत नाही, तिकीट असलं की कुठल्याही गाडीत बसा.

पास घ्यावा की सुटी तिकिटं, हा प्रश्न म्हणूनच देशागणिक सोडवायचा. युरेल ग्लोबल पास ३३ देशांत चालतो, चार ते अकरा वयाच्या मुलांना मोठ्यांबरोबर मोफत असतो, ऐकायला भुरळ पडते. पण पॅरिसहून सुटणाऱ्या टीजीव्ही किंवा इटलीच्या फ्रेच्चारोस्सा या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. आपल्या आराखड्यात असे लांबचे प्रवास दोनच आहेत. त्यांची सुटी तिकिटं वेळेवर काढलेली बरी. स्वित्झर्लंडात मात्र स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा. तो तीन, चार, सहा, आठ आणि पंधरा दिवसांचा मिळतो. पाच रात्री म्हणजे येण्याचा आणि जाण्याचा धरून सहा दिवस, नेमका बसतो. रेल्वे, तळ्यातल्या बोटी, शहरातल्या ट्राम-बसा सगळं त्यात येतं, रिगी पर्वतावर जाणारी दातेरी चाकांची गाडीसुद्धा. युंगफ्राउयोखला मात्र त्यावर फक्त सवलत आहे, वरचे पैसे मोजावे लागतात. ३,४५४ मीटरवरचं ते स्टेशन १९१२ पासून चालू आहे. तिथे हवा विरळ असते, म्हणून आजीला न्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि मोठी बचत अशी की सहा ते पंधरा वर्षांची मुलं पासधारक आई-वडिलांबरोबर फॅमिली कार्डवर मोफत फिरतात. आपल्या घरातली दोन्ही मुलं त्यात बसतात.

व्हिसाकडे वळण्याआधी पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे आधी काढून ठेवला असेल तर तारीख तपासावी. नवा काढायचा तर पडताळणीसाठी यवत पोलीस ठाण्यातून बोलावणं येईल तेव्हा घरात असावं. वेळ खरा जातो तो नावांत. आजीचं आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. पासपोर्टवर जे आणि जसं छापलं आहे, तसंच विमानाच्या तिकिटावर आणि व्हिसाच्या अर्जावर लिहायचं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव स्वतःच्या नावाला जोडून ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात येतं. तिकीट काढताना घाईत ते गळतं आणि विमानतळावर हुज्जत होते.

शेंगेन व्हिसा कुठल्या देशाकडे मागायचा याचा नियम साधा आहे: जिथे रात्री जास्त, तिथे. रात्री समान असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार, तिथे. आपल्या आराखड्यात स्वित्झर्लंड. हा देश युरोपीय संघात नाही, त्याचं चलन वेगळं, पण शेंगेनमध्ये आहे, म्हणून त्याच्या व्हिसावर फ्रान्स-इटली चालतात. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रवासाच्या पंधरा दिवस आधीपर्यंत द्यावाच लागतो. मेच्या प्रवासाला फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्यावी, कारण उन्हाळी सुटीसाठी अख्खा महाराष्ट्र त्याच महिन्यांत रांगेत उभा असतो. जून २०२४ पासून फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वयाच्या मुलांना ४५. बारा पूर्ण केलेल्या मुलाला मोठ्यांचीच फी पडते. म्हणजे आपल्या घराचे चार नव्वद आणि एक पंचेचाळीस, एकूण ४०५ युरो. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बोटांचे ठसे बारा वर्षांखालच्या मुलांना द्यावे लागत नाहीत.

शेतकरी कुटुंबाला इथे एक खास अडचण येते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे अनेकांनी प्राप्तिकराचं विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं, आणि व्हिसाच्या यादीत तेच पहिलं मागितलेलं असतं. घाबरून जाण्याचं कारण नाही. अर्ज तपासणाऱ्याला दोन गोष्टी पटायला हव्यात: खर्च झेपेल आणि माणसं घरी परततील. सातबारा आणि आठ-अ चे उतारे इंग्रजी भाषांतरासह, कारखान्याच्या ऊसबिलाची बँकेतली नोंद, गूळ विकल्याच्या आडत्याच्या हिशोबपट्ट्या, मुलांच्या शाळेचं पत्र, असा पुरावा भक्कम असतो. पण गुळाचा पैसा रोखीत घरात ठेवला आणि अर्जाच्या आठवड्यात एकदम खात्यात भरला, तर तो उसना आणल्यासारखा दिसतो. प्रवास ठरला की त्या हंगामापासूनच पट्टीचे पैसे खात्यात येऊ द्यावेत. विवरणपत्र भरायला सुरुवात केलेली तर उत्तमच.

व्हिसा हातात नसताना तिकिटं कशी काढायची, हा पेच सगळ्यांनाच पडतो. माझं मत असं: हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्यावीत, आणि लांबच्या दोन्ही गाड्यांची तिकिटं थोडी महाग पडली तरी बदलता किंवा परत करता येणारी. पाच जणांची स्वस्तातली, परत न होणारी तिकिटं आधी घेऊन ठेवणं हा जुगार आहे.

स्टेशनांची नावं नीट लिहून ठेवावीत. पुण्याला स्टेशन म्हटलं की काम भागतं, पॅरिसला भागत नाही. स्वित्झर्लंडच्या गाड्या गार द ल्यों इथून सुटतात, ब्रसेल्स-ॲम्स्टरडॅमच्या गार द्यु नॉरहून, जर्मनीकडच्या बऱ्याचशा गार द लेस्तहून. शहराच्या नावावर विसंबून भलत्याच स्टेशनवर जाणं ही पहिल्या प्रवासात हमखास होणारी चूक. गार द ल्योंहून बाझेल साधारण तीन तास, तिथून गाडी बदलून ल्युसर्न तासभर.

आणि आता फलाट. फलाटाचा क्रमांक बहुतेक ठिकाणी गाडीच्या काहीच वेळ आधी फलकावर येतो, तोपर्यंत सगळे मुख्य दालनात मान वर करून उभे असतात. तिकिटावर डब्याचा आणि जागेचा क्रमांक असतो. फलाटावर अ, ब, क, ड असे भाग पाडलेले असतात आणि कुठला डबा कुठल्या भागात थांबेल याचं चित्र तिथल्या पडद्यावर दिसतं. आपल्या कोच पोझिशनच्या पाट्यांसारखंच ते आहे. गाडी येण्याआधी त्या भागात जाऊन उभं राहायचं. टीजीव्हीची दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, मग गाडी समोर उभी असली तरी चढता येत नाही. काही गाड्या दोन गाड्या जोडून चालतात आणि वाटेत सुटून दोन दिशांना जातात. डब्यावरचा पडदा वाचल्याशिवाय बसू नये. आणि मधल्याच स्टेशनवर गाडी उलटी निघाली म्हणून दचकायचं कारण नाही. झुरिक, फ्रँकफुर्ट, मिलानची मुख्य स्टेशनं टोकाची आहेत, तिथे रूळ संपतात. मनमाडकडून पुण्याला येणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला फिरताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे सांगायला नको.

सामानाचा नियम एकच: ज्याने त्याने आपलं उचलायचं. हमाल नाहीत, लिफ्ट असते पण ती शोधेपर्यंत गाडी जाते, मधल्या स्टेशनांवर थांबा दोन-तीन मिनिटांचा. आपल्या पाच जणांत उचलू शकणारे तिघे, म्हणून तीन मध्यम बॅगा आणि पाठीवरच्या पिशव्या, यापुढे नाही. हे कागदावर ठरवून होत नाही. निघण्याच्या दोन आठवडे आधी बॅगा खऱ्या सामानाने भराव्यात, यवतहून डेमूने दौंडला जावं, जंक्शनचा पादचारी पूल त्या बॅगांसह चढून उतरावा आणि परत यावं. काय घरी ठेवायचं ते जिन्यातच कळतं. आजीला चढ-उतार जड असेल तर युरोपात स्टेशनवरची मदत मोफत मिळते, मात्र किमान चोवीस तास आधी कळवावं लागतं.

खाण्याची काळजी नव्या पिढीची नाही. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, इंग्लंड-अमेरिकेत वर्षं काढली, पण मांसाहार केला नाही, आणि तेव्हा तिथे डाळभात मिळण्याची सोय नव्हती. आज ती बरीच आहे. तरीही पहिल्या दोन दिवसांचं घरचं न्यावं, फक्त काय न्यायचं ते बघून. बाहेरच्या देशांतून दूध आणि मांसाचे पदार्थ नेण्यास युरोपीय संघात मनाई आहे, म्हणजे तूप, खव्याचे पेढे, चक्का घरीच. मे महिना असला तरी आंबेही नाहीत. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, मेतकूट खुशाल न्या. गाडीत आपला डबा उघडून जेवायला हरकत नसते. स्वित्झर्लंडात रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली मात्र उघडी. ल्युसर्नला जमलं तर स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. एक वेळचा वरण-भात घरी झाला की खर्च खूप खाली येतो.

सर्वांत लांबचा दिवस ल्युसर्न ते रोम. मिलानपर्यंत सव्वातीन तास, पुढे वेगवान गाडीने तीन तासांहून थोडं जास्त. वाटेत गोटहार्डचा ५७ किलोमीटरचा बोगदा, २०१६ मध्ये खुला झालेला आणि जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. वीसेक मिनिटं बाहेर फक्त काळोख. मुलांना रेल्वेची आवड असेल तर मी जुन्या डोंगरी मार्गाने जायला सांगेन. तो १८८२ चा, रमाबाई बोटीत बसल्या त्याच्या आदल्या वर्षीचा. चढ तोडण्यासाठी रूळ डोंगराच्या पोटात वळसे घेतात, आणि वासेन गावचं एकच चर्च खिडकीतून तीनदा दिसतं: आधी उंचावर, मग समोर, मग खाली. तासभर तरी जास्त लागतो, पास चालतो, आणि चौदा वर्षांच्या मुलाला गाडी डोंगर कशी चढते हे कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथे चांगलं समजतं. मिलानला घाईने गाडी बदलू नये. दोन-तीन तासांचा विसावा धरावा, बॅगा स्टेशनवरच्या सामानघरात ठेवाव्यात, मेट्रोने चार स्टेशनं जाऊन संगमरवरी कॅथीड्रल पाहावं, आणि संध्याकाळची गाडी धरावी. पहिली गाडी उशिरा आली तरी या विसाव्यात ते खपून जातं. युरोपीय संघात तासाहून जास्त उशीर झाला तर तिकिटाचे पंचवीस टक्के आणि दोन तासांहून जास्त झाला तर निम्मे पैसे मागता येतात; तिकीट फेकू नये.

पासपोर्ट एकाच माणसाकडे, अंगाला बांधलेल्या पाकिटात. पॅरिसची मेट्रो आणि रोमचं तेर्मिनी स्टेशन इथे खिसेकापू सराईत असतात, आणि गर्दीत मुलांना सांभाळताना पर्स मागे राहते. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी चेहरा आणि ठशांची नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे; पहिल्या खेपेला रांगेत वेळ जातो, म्हणून पॅरिसला उतरल्या दिवशी पुढचं काही ठरवू नये. आपण उन्हाळ्यात त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो, मुलं संध्याकाळी सातलाच पेंगायला लागतात. तो दिवस झोपेचा.

रोमच्या चार रात्रींतली शेवटची विमानाच्या आदल्या दिवशीच येईल असं पाहावं, आणि त्या दिवशी फ्लॉरेन्स-नेपल्सची फेरी ठेवू नये. तेर्मिनीहून फ्युमिचिनो विमानतळाला लिओनार्दो एक्सप्रेस साधारण बत्तीस मिनिटांत जाते. विमानाच्या तीन तास आधी पोचायचं, त्याआधी एक गाडी हातची राखायची, एवढा हिशोब करून सकाळचा गजर लावावा.